घोड्यांची शेंग

कॅरोबची शेंग झाडावर काळी कधी पडते, पोत्यात कशी भरली म्हणजे कीड लागत नाही, ओली राहिली तर किती दिवसांत आंबते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती माणसांनाही खाता येते, एवढंच कुणी बोलत नव्हतं.

उतारावर एकोणीस झाडं होती. दर हंगामात खुराकाच्या कारखान्याची गाडी यायची आणि पोती घेऊन जायची, घोड्यांना आणि गुरांना. यंदा गाडी आलीच नाही. मुकादमाचा निरोप तेवढा आला. शेंग घेणं बंद, आता तयार गोळ्या बाहेरून येतात.

"बरंच झालं," रविवारी जेवताना भाऊजी म्हणाले. "आता तरी उतार मोकळा करा. कोंबड्यांची शेड टाकतो मी. ती झाडं काय, नुसती जागा अडवून बसलीत."

मामंजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "ठीक आहे. मशीनवाल्याला सांग."

"शनिवारी मोकळा आहे तो. मुळासकट उपटून देतो म्हणाला."

म्हणजे आधी विचारूनही झालं होतं. माझा नवरा ताटात बघत राहिला. उतार सासूबाईंच्या माहेरचा. लग्नात आला, कागदावर नाव अजून त्यांचंच. पण त्यांना कुणी विचारलं नाही. चुलीवरचं कढत भांडं मात्र त्यांनी फडकं न घेताच उतरवलं. मला ते दिसलं. मला सगळं दिसतं, तीच माझी अडचण आहे.

शनिवारपर्यंत शेंगा तेवढ्या झाडून घ्यायच्या ठरल्या. घरच्या गुरांना तरी होतील.

सोमवारी सकाळी झाडांखाली ताडपत्र्या पसरल्या. बाप आणि दोघे लेक लांब काठ्या घेऊन फांद्या हलवायचे, शेंगा टपटप पडायच्या आणि आम्ही दोघी सासू-सुना वाकून गोळा करायचो. तासाभरात कंबर म्हणजे लाकूड. मुंगीला मी सावलीत चटईवर बसवलं होतं.

मुंगी म्हणजे माझी लेक, दीड वर्षाची. जमिनीवरचं बारीकसारीक काहीही उचलून तोंडात घालते म्हणून हे नाव. ताटातलं मात्र काही घालत नाही. भात दिला की थुंकायची, दूध दिलं की पेला उपडा, केळं दिलं की केसांना. वजनाच्या कार्डावरचा ठिपका तीन महिने जागचा हलला नव्हता. मी ते कार्ड दिवसातून दहादा काढून बघायची, बघून बघून ठिपका वर सरकणार असल्यासारखी.

मान वर केली तर मुंगी गप्प. ती गप्प असली की तोंडात काहीतरी असतंच. बघते तर दोन्ही हातांत वीतभर काळी शेंग बासरीसारखी धरलेली, आणि कडेनं तपकिरी लाळ गळतेय.

"अगं बाई! थूक! थूक आधी!"

मी धावले, तोंडात बोट घालून सगळं बाहेर काढलं. चघळलेला चोथा आणि दोन बिया, खड्यासारख्या टणक. घशात गेल्या असत्या तर! मुंगीनं असा हंबरडा फोडला की तिन्ही पुरुष काठ्या टाकून आले. "काय चावलं? काय चावलं?"

काही चावलं नव्हतं. तिला शेंग हवी होती. ती माझ्या मुठीकडे झेपावत होती, बोटं उलगडत होती. आणि एकदम माझ्या डोक्यात उजाडलं: ही थुंकली नव्हती! तीन महिन्यांत पहिल्यांदा मला हिच्याकडून खाणं काढून घ्यावं लागलं होतं.

दुपारी मी तिला काखोटीला मारून दवाखान्यात गेले. चढावर धाप लागली तरी थांबले नाही. नर्सबाई मला ओळखतात. मी दिसले की त्या आधी हसतात.

"आज काय? शिंकली?"

"कॅरोबची शेंग खाल्ली."

"बरं मग?"

"बरं मग काय! चालते का? विषारी नाही ना? फोनवर वाचलं, कॅल्शियम असतं म्हणतात, पण तिथे कुणीही काहीही लिहितं."

नर्सबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कॅल्शियम असतं, चोथा भरपूर असतो आणि गोडी तिची स्वतःची, वरून साखर नको. कोकोत झोप उडवणारं असतं ना, ते यात नाही, म्हणून लहान मुलांना बरी. पोट सैल झालं की आमची आजी पूड पाण्यात कालवून द्यायची." मग बोट उगारलं. "पण ऐक. जुलाब झाले तर आधी मीठ-साखरेचं पाणी आणि डॉक्टर. ही शेंग म्हणजे खाणं आहे, औषध नव्हे. बी काढायची, पूड करायची, चिमटीनं सुरुवात. तू पहिल्याच दिवशी वाटीभर घालशील आणि वारा धरला म्हणून रडत येशील."

परत येताना मी जवळजवळ पळतच होते. डोक्यात नुसता कल्ला. पूड मुंगीपुरतीच कशाला? चौकातली बेकरीवाली नाही का नवं नवं करून बघत? माणसं ही शेंग खायला लागली तर कारखाना हवाच कशाला? आणि झाडं तोडायची तरी कशाला?

अंगणात पाय ठेवला तोच सासूबाईंना सांगून टाकलं, एका दमात.

त्या शेंगा निवडत होत्या. हात थांबले. "माझ्या नातीच्या तोंडात ते जायचं नाही."

"आई, पण नर्सबाई म्हणाल्या..."

"नर्सबाईंचं सांगू नकोस मला. गुरांचं आहे ते. भिकेचं आहे." टोपली उचलून त्या आत गेल्या. दार जोरात लावलं नाही, हळूच ओढून घेतलं. तेच जास्त लागलं.

मंगळवारी एक गोष्ट घडली, ती फक्त मला दिसली. कॅरोबची गंमत अशी की यंदाची शेंग पिकते त्याच वेळी पुढच्या वर्षीचा फुलोरा निघतो. जुन्या जाड फांदीच्या सालीतूनच लालसर तुरे फुटतात, शेंगेला लागून. म्हणून शेंग झोडपायची नसते. काठीचं टोक देठापाशी लावून हिसका द्यायचा. वेळ लागतो, खांदे भरून येतात. भाऊजींना घाई होती. त्यांनी काठी दोन्ही हातांनी फिरवून धाडधाड हाणायला सुरुवात केली. शेंगांबरोबर तुऱ्यांचा चुरा ताडपत्रीवर पडला.

"ए! अक्कल गहाण टाकलीस का?" मामंजी कडाडले. "फुलोरा दिसत नाही?"

"बाबा, शनिवारी झाडच जाणार आहे!"

मामंजींची काठी खाली आली. मग पुटपुटले, "गेलं तर गेलं. झोडपायचं नाही." आणि आपल्या झाडाकडे वळून पुन्हा एकेका शेंगेला, तुरा चुकवून, हिसका द्यायला लागले. साठीपुढचा माणूस, मान वर, घाम कानामागून सदऱ्यात उतरतोय, आणि चार दिवसांत उपटायच्या झाडाचा मोहोर जपतोय!

मी ठरवलं. आता गप्प बसायचं नाही.

बुधवारी सकाळी पाच किलो शेंगा पिशवीत भरून मी गिरणीत गेले. शेंगेत बिया तशाच ठेवल्या होत्या, मुद्दाम. मी वाचलं होतं की या बीपासून दाटपणा आणणारा डिंक काढतात, मोठमोठे कारखाने तो आइस्क्रीममध्ये घालतात. म्हटलं, एवढी मोलाची वस्तू फेकायची कशी? सगळंच दळू. कॉलेजात शिकलेल्या बाईचा शहाणपणा!

गिरणीवाल्यानं पिशवीत डोकावलं. "हे काय?"

"दळून द्या. बारीक."

"खात्रीनं?"

"खात्रीनं."

मागे गव्हाचे डबे घेऊन सहा-सात जणी उभ्या होत्या. गिरणीत पहिला ओंजळभर घास गेला आणि आतून गारा पडल्यासारखा आवाज यायला लागला. बिया दगडाखाली टणाटण उडत होत्या. एक उडून गिरणीवाल्याच्या कपाळाला बसली. मग आवाज घोगरा झाला, पट्टा कुरकुरला आणि गिरणी बंद पडली. कच्च्या शेंगेतल्या साखरेचा चिकटा होऊन दोन्ही दगड एकमेकांना चिकटले होते.

"ताई," गिरणीवाला कपाळ चोळत म्हणाला, "ही गिरणी आहे. घोड्याचा जबडा नाही."

मागून हशा पिकला. एक म्हणाली, "आता संध्याकाळी आम्ही काय खायचं, शेंगा?" दुसरी म्हणाली, "शिकलेल्या आहेत हो त्या, आपल्याला काय कळतं!" मी दुपारपर्यंत तिथे बसून ओल्या फडक्यानं आणि सुरीनं दगड खरवडले. मुंगी पायाशी बसून खरवड चाटत होती, ती एकटीच खूश.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. भाऊजी दारातच. "वहिनी, घोडा घ्यायचा का आता? शेंगा आहेतच!"

मी मोरीत जाऊन हात धुतले. चिकटा निघेना, आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून पुन्हा पुन्हा धुतले. मागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्याचं मला कळलंच नाही.

"बिया काढल्या नाहीस."

मी मान हलवली.

"भाजलीही नाहीस."

"भाजायची असते?"

त्यांनी पदर खोचला. "कढई काढ. ती जाड बुडाची."

ती दुपार मी विसरायची नाही! आधी शेंगा पुसायच्या, मग हातानं मोडायच्या. कटकन मोडली तर वाळली, वाकली तर अजून ऊन दाखवायचं. तुकडे सुपात घेऊन त्यांनी असे काही घोळवले की बिया सरसर एका कडेला आणि शेंग दुसऱ्या. माझ्या बिया जमिनीभर. मग मंद आच. "हलवत राहा. थांबलीस की कडू." दहा मिनिटांत घरभर वास सुटला, जळत्या साखरेचा, भाजल्या धान्याचा आणि आणखी कशाचा तरी, ज्याला माझ्याकडे शब्द नाही. नवरा गोठ्यातून नाक वर करत आला आणि सासूबाईंना कढईपुढे बघून आल्या पावली परतला.

"आई, तुम्हाला हे सगळं कुठून..."

"आठ वर्षांची होते." उलथणं थांबलं नाही. "दोन वर्षं काही पिकलंच नाही. गहू नाही, काही नाही. आम्ही चार बहिणी. आई हेच भाजायची, हेच दळायची. सकाळी हे, संध्याकाळी हे. जगलो चौघी. पण शाळेत गेलं की पोरी आमच्याकडे बघून खिंकाळायच्या. घोड्यासारख्या. शिक्षिकाही हसायच्या." त्यांनी एक तुकडा उचलून फुंकर घातली. "लग्न झालं तेव्हा ठरवलं, या घरात हे कुणाला सांगायचं नाही. चाळीस वर्षं झाली."

"मामंजींनाही?"

"त्यांनाही." तुकडा त्यांनी दातांखाली धरला, डोळे मिटले आणि किती तरी वेळ उघडले नाहीत. "चव तीच आहे गं," त्या हळूच म्हणाल्या. "वाईट कधीच नव्हती."

गुरुवारी त्या स्वतः गिरणीत आल्या. मी मागे, मुंगीला घेऊन. गिरणीवाल्यानं आम्हाला बघून दोन्ही हात पसरून गिरणी अडवली.

"घाल," सासूबाई म्हणाल्या. "नाही चाललं तर दगड मी चाटून साफ करते."

चाललं! धूसर तपकिरी पीठ भुरभुर खाली आलं, आणि कालचा तो वास ऊन ऊन होऊन रांगेवरून गेला. काल खिदळलेल्या बायका माना लांब करून बघत होत्या. गिरणीवाल्यानं बोट बुडवून चाटलं, मग दुसरं बुडवलं. "साखर किती घातली?"

"एक दाणा नाही," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की मुंगी दचकली.

घरी चिमूटभर पीठ कोमट दुधात कालवून दिलं. मुंगीनं वाटी दोन्ही हातांनी धरली, प्यायली, आणि रिकामी वाटी माझ्यापुढे केली. मी नर्सबाईंचं बोट आठवलं आणि पुन्हा दिलं नाही. पण आनंदानं मी सासूबाईंना मिठीच मारली. त्या काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. मग पाठीवर दोन थापट्या दिल्या, म्हशीला देतात तशा.

शुक्रवार उरला होता. उद्या सकाळी मशीन.

बेकरीत आम्ही सगळेच गेलो. पोतं मामंजींनी उचललं होतं. "जड आहे, बायकांना झेपायचं नाही," म्हणाले, पण ते काही फार जड नव्हतं. भाऊजी गंमत बघायला. बेकरीवाली दणकट बाई, कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा, बोलायला फटकळ.

मी पाठ करून आले होते. "याला कोकोचा पर्याय म्हणता येईल, शिवाय यात..."

"कोको मी चाखलाय. हा कोको नाही."

सासूबाई पुढे झाल्या. "कोको नाहीच तो. कॅरोब आहे. त्याच्या मापानं चव घ्या. साखर निम्मी करा आणि आच कमी ठेवा, लवकर जळतं."

बेकरीवालीनं निम्मी साखर ऐकलं, आच नाही ऐकली. पहिला ट्रे कडेनं काळा होऊन निघाला. मला घाम फुटला. ती मात्र ट्रेकडे बघून खुशीत म्हणाली, "बघितलंत? म्हातारी बरोबर होती," आणि दुसरा ट्रे वेगळ्या आचेवर सरकवला. तो निघाला तेव्हा दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती आणि त्यातलं कुणीही पाव घेऊन निघून जायला तयार नव्हतं.

"कसला वास येतोय?"

"आम्हालाही द्या की एक!"

गर्दीत कोपऱ्यावरची शिंपीणबाई होती, सासूबाईंच्या वयाची. तिनं बिस्किट नाकाशी नेलं आणि डोळे बारीक केले. "अगं, ही तर घोड्यांची शेंग! तुम्हा बहिणींना नाही का आम्ही..." ती थांबली. पण तोवर सगळ्या दुकानाची नजर सासूबाईंवर गेली होती. मामंजींचीसुद्धा.

सासूबाईंचे कान लाल झाले. मला वाटलं, आता या दाराकडे वळणार. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले, पण त्या हलल्या नव्हत्या.

"हो, आम्हा बहिणींना," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं हेच खाल्लं आम्ही, दुसरं काही नव्हतं म्हणून. तुम्ही खिंकाळायचात. आता आधी खा, मग खिंकाळायचं तर खिंकाळ."

शिंपीणबाईनं खाल्लं. बराच वेळ चावत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "पोरं होतो गं आम्ही. लाज वाटते आता." आणि जरा थांबून, "आणखी चार बांधून दे. सुनेला नेते."

हसण्याचा असा फवारा उडाला की बेकरीवालीला ओरडावं लागलं. "गलका नको! बाई, मला हे पीठ दर आठवड्याला लागेल. पुढच्या हंगामातही आणि त्याच्या पुढच्याही. एकदा देऊन गायब होणाऱ्यांचा माल मी ठेवत नाही, गिऱ्हाईक माझा जीव खातं. देणार का? पुढच्या वर्षी?"

मी मामंजींकडे बघितलं, नवऱ्यानं भावाकडे, भाऊजींनी जमिनीकडे. मामंजी मात्र बायकोकडे बघत होते, नव्यानं ओळख झाल्यासारखे.

"देईन," सासूबाई म्हणाल्या. कुणाकडे न बघता. "मी आहे तोवर मी. मग ही."

'ही' म्हणजे मी! मी, जी चमचाभर पीठ घालायला दवाखान्यात विचारून येते! माझ्या तोंडातून केव्हाच "हो" निघून गेलं होतं.

मामंजींनी खिशातून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "मशीनवाला. तूच बोल. मला लोकांना नाही म्हणायला जमत नाही."

"बाबा, आणि माझी शेड?" भाऊजी कळवळले.

मी नंबर लावला. छाती धडधडत होती, पण भीतीनं नाही. "उद्या यायचं नाही," मी म्हणाले. "झाडं पाडायची नाहीत." पलीकडून मशीनवाला चिडला, दिवस राखून ठेवला होता, आता दुसरं काम कुठून मिळायचं, काहीतरी सांगा की. मी फोन हातानं झाकून तेच सगळ्यांना सांगितलं.

नवरा आठवड्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "वरच्या पडीकात दगड आहेत. ते हलवले तर शेड तिथे बसेल. ऊनही मिळेल कोंबड्यांना."

भाऊजींनी मान वर केली. "पाणी न्यावं लागेल वर."

"नेऊ. दोघं मिळून नेऊ."

"मग येऊ दे त्याला," भाऊजी म्हणाले, आणि टेबलावरचं जळकं बिस्किट उचलून तोंडात टाकलं.

मी फोनवर सांगायला लागले, तशी सासूबाईंनी पुढे होऊन फोन माझ्या हातातून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्या फोनवर परक्या माणसाशी बोलत होत्या. फोन कानापासून वीतभर लांब धरला होता आणि इतक्या जोरात बोलत होत्या की तो बहुधा फोनशिवायही ऐकत असावा.

"कोपऱ्यावरून वळसा घालून ये. उतारावरून मशीन आणायचं नाही, कळलं? एक डहाळी मोडली तरी तुझ्याकडून भरून घेईन. माझी झाडं आहेत ती."